कन्फेशन, मुंबई: वर्षानुवर्षे न गेलेल्यांसाठी ही सेवा कशी आहे?

मुंबईतल्या कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये कन्फेशनला, म्हणजे धर्मगुरूसमोर पापं कबूल करून क्षमा मिळवण्याला, पैसे पडत नाहीत, नाव विचारलं जात नाही, आणि आत बोललेलं बाहेर जात नाही. एवढ्यावरच कोणी पाच तारे देईल. पण दर पहिल्या शुक्रवारी नेमाने रांगेत उभा राहणारा वेगळा आणि लग्नानंतर, भांडणानंतर किंवा नुसत्या कंटाळ्याने पंधरा-वीस वर्षं चर्चची पायरी न चढलेला वेगळा. हे परीक्षण त्या दुसऱ्या माणसाच्या सोयीने केलं आहे.

मोजपट्टी बाहेरून आणायची गरज नाही, लूकच्या शुभवर्तमानातला १५वा अध्याय पुरेसा आहे. जकातदार आणि पापी येशूभोवती जमतात, परूशी आणि शास्त्री, म्हणजे कट्टर धर्मपंडित, कुरकुर करतात, आणि उत्तरादाखल तो तीन दाखले देतो: शंभरातलं एक मेंढरू, दहातलं एक नाणं, दोघांतला एक मुलगा. तिन्हींत शोध घेणाऱ्याला चैन नाही. मेंढपाळ ‘सापडेपर्यंत’ शोधतो, बाई दिवा लावून घर झाडते, आणि बाप, घर सोडून गेलेला मुलगा परतताना अजून दूर असतानाच, धावत सुटतो. चर्च ही सेवा याच देवाच्या नावाने देतं, म्हणून या तिघांइतकी धडपड तिथे दिसते का, हे विचारणं रास्त आहे.

आधी आतलं. प्रत्यक्ष कन्फेशनच्या खोक्यातल्या किंवा खोलीतल्या सेवेला पूर्ण गुण द्यावे लागतात, कारण तिची रचनाच परतणाऱ्याच्या बाजूने आहे. जाळीआडून बोलायची सोय हा तुमचा हक्क आहे, समोरासमोर बसायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. गोपनीयतेचा नियम कडक आहे: ऐकलेलं फोडणारा धर्मगुरू त्याच क्षणी बहिष्कृत होतो आणि तो बहिष्कार फक्त रोमहून उठतो. बाहेर भेटल्यावर तुम्ही विषय काढल्याशिवाय तो त्याबद्दल चकार शब्द काढू शकत नाही. १२१५च्या लॅटरन धर्मपरिषदेपासून वर्षातून एकदा कन्फेशन बंधनकारक आहे. पण अठरा वर्षं हुकली म्हणून अठरा वर्षांचं व्याज कोणी लावत नाही. एकच कन्फेशन, एकच पापमुक्ती.

पायऱ्या अशा. घरी शांतपणे आठवून घ्या. दहा आज्ञा क्रमाने डोळ्यांखालून घातल्या तरी चालतं. आत गेल्यावर क्रुसाची खूण करा आणि सरळ सांगा: “फादर, शेवटचं कन्फेशन करून साधारण अठरा वर्षं झाली. पद्धत विसरलोय, मदत करा.” या एका वाक्याने निम्मं काम होतं, कारण पुढचे प्रश्न मग फादर विचारतात. लग्न झालंय की नाही, काय काम करता, एवढं सांगितलं की त्यांना सल्ला नेमका देता येतो. गंभीर पापं प्रकार आणि संख्येसकट सांगायची असतात. संख्या आठवत नसेल तर ‘महिन्यातून एखाददा, सात-आठ वर्षं’ एवढं पुरे. प्रयत्न करूनही विसरलेलं पाप त्याच पापमुक्तीत धुतलं जातं, पुढच्या वेळी आठवलं तर सांगायचं. मुद्दाम लपवलेल्याचं तसं नाही, त्याने सगळंच कन्फेशन फुकट जातं.

मग प्रायश्चित्त दिलं जातं. बहुतेक वेळा काही ‘नमो मरिया’ प्रार्थना किंवा बायबलमधला एखादा उतारा असतो. झेपण्यासारखं नसेल, म्हणजे दृष्टी गेली असेल किंवा घरात उघड प्रार्थना करणं शक्य नसेल, तर तिथेच सांगून बदलून घ्या. त्यानंतर पश्चात्तापाची प्रार्थना. ती पाठ नाही म्हणून लोक अडून बसतात, आणि हे अगदी वाया गेलेलं भय आहे. १९७३च्या सुधारित विधीत ‘प्रभू येशू, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ एवढी छोटी प्रार्थनाही चालते. स्वतःच्या शब्दांतही म्हणता येते. शेवटी फादर हात पुढे करून पापमुक्तीचे शब्द उच्चारतात. ते संपण्याआधी उठू नका.

चुकतं कुठे? पहिली चूक वेळेची. शनिवारी संध्याकाळच्या मिस्साआधी (मुख्य उपासनेआधी) पंधरा मिनिटं मिळतात, मागे दहा जण उभे असतात आणि घंटा वाजली की फादरना वेदीवर जावंच लागतं. अशा वेळी वीस वर्षांचा हिशेब निघत नाही, घाईघाईत अर्धवट उरकला जातो आणि माणूस पुन्हा दहा वर्षं फिरकत नाही. चर्चच्या ऑफिसात फोन करून ‘कन्फेशनसाठी अर्धा तास हवा’ एवढंच म्हणा. कारण विचारलं तर सांगायची गरज नाही. दुसरी चूक म्हणजे नवऱ्याची, सासूची, भागीदाराची पापं सांगत बसणं. इतरांची नावं घ्यायची नाहीत, आणि कहाणी लागते तेवढीच. तिसरी, फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर उरकू असं समजणं. पापमुक्ती समोर हजर असलेल्यालाच मिळते.

पैशाच्या पापाला आणखी एक अट चिकटलेली असते. ऑफिसातून काढलेली रक्कम, भावाच्या वाट्याचं हडपलेलं भाडं, हे परत करण्याची तयारी असावी लागते. नाव उघड न करता परत करता येतं. मालक हयात नसेल तर वारसांना, तेही सापडले नाहीत तर गरिबांना.

पण परतणाऱ्याला सर्वांत जास्त अडवणारं वाक्य वेगळंच असतं: ‘मला अजून पुरेसा पश्चात्ताप वाटत नाही.’ इथे दाखला नीट वाचायला हवा. मेंढरू स्वतः चालत परत येत नाही, खांद्यावर बसून येतं. नाण्याला तर आपण हरवलोय हेही कळत नाही. धाकटा मुलगा परततो तोही डुकरांच्या शेंगांवर नजर गेल्यावर, पोटातल्या भुकेने. १५५१ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने हेच नियमात बसवलं: शिक्षेच्या भीतीतून आलेला अपुरा पश्चात्तापही, पाप सोडण्याचा इरादा असेल, तर या संस्कारासाठी पुरतो. मुळात जावंसं वाटणं हेच शोधणारा हात जवळ आल्याचं लक्षण मानलं जातं.

लूकच्या त्याच अध्यायातल्या १९व्या आणि २१व्या वचनांत आणखी एक गंमत आहे. मुलगा वाटेवर भाषण पाठ करून येतो, त्याची शेवटची ओळ असते ‘मला आपल्या मोलकऱ्यांपैकी एकासारखं ठेवा’. बापासमोर तो सुरुवात करतो, पण त्या ओळीपर्यंत पोचतच नाही; बाप मध्येच नोकरांना झगा, अंगठी, जोडे आणायला पिटाळतो. चांगला फादर ओळखायची हीच खूण धरावी. तुम्ही स्वतःला कोसत बसलात की तो मध्येच थांबवतो. उलट जो खोदून खोदून तपशील विचारतो किंवा ‘इतकी वर्षं कुठे होतात?’ असं चिडून विचारतो, त्याच्याकडे पुन्हा जायची सक्ती नाही. फादर बदलायची पूर्ण मोकळीक आहे आणि मुंबईत त्यासाठी फार लांब जावं लागत नाही.

ओळखीचा आवाज नको असेल तर आपला धर्मग्राम, म्हणजे आपल्या भागातलं चर्च, सोडून गर्दीच्या ठिकाणी जावं. माहीमच्या सेंट मायकलला दर बुधवारी नोव्हेना या प्रार्थनेसाठी सगळ्या धर्मांची माणसं येतात, तिथे कोण कुठला याकडे कोणाचं लक्ष नसतं. दादरचं पोर्तुगीज चर्च, वांद्र्याची माउंट मेरी, कुलाब्याचं होली नेम कॅथेड्रल हेही पर्याय आहेत. सप्टेंबरातल्या जत्रेचा आठवडा मात्र माउंट मेरीसाठी टाळा. कन्फेशनची वेळ आणि भाषा फोनवर विचारून मगच निघा. भाषेचा मुद्दा खरा आहे: मुंबईतले अनेक फादर मंगळुरी, गोवेकर किंवा केरळी असतात, आणि आतलं दुःख इंग्रजीत बोलणं सगळ्यांना जमत नाही. अस्सल मराठीत मोकळं व्हायचं असेल तर विरार लोकल पकडा. १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळ्या झालेल्या वसई धर्मप्रांतात ही अडचण क्वचितच येते.

काही गाठी खोक्यात सुटत नाहीत, आणि यांबद्दल गैरसमजही फार. कोर्टातून घटस्फोट झाला एवढ्यावरून कोणी कन्फेशन किंवा कम्युनियन, म्हणजे मिस्सात मिळणारी पवित्र भाकर, यांपासून वंचित होत नाही. प्रश्न येतो तो पहिला विवाह चर्चच्या दृष्टीने उभा असताना दुसरा केला तर. तो पहिला विवाह मुळातच अवैध होता का, हे धर्मप्रांताचं न्यायालय तपासतं. २०१५च्या सुधारणेनंतर दोन न्यायालयांचे सारखे निकाल लागण्याची अट गेली आहे. रजिस्टर पद्धतीने किंवा अन्य धर्मीयाशी परवानगीविना लग्न केलेल्यांसाठीही मार्ग आहे, आणि जोडीदार चर्चमध्ये पाय ठेवायला तयार नसला तरी काही प्रकरणांत तो निघतो. त्यासाठी बाप्तिस्मा झालेल्या चर्चमधून गेल्या सहा महिन्यांतला बाप्तिस्म्याचा ताजा दाखला आणावा लागतो, कपाटातला जुना चालत नाही. गर्भपाताचं ओझं मनात ठेवून दूर राहिलेल्या बायकांसाठी: २०१६च्या नोव्हेंबरात पोप फ्रान्सिस यांनी या पापातून मुक्त करण्याचा अधिकार सर्वच धर्मगुरूंना कायमचा दिला. कुठल्या बिशपकडे जायची गरज नाही. ही बातमी अजूनही जिथे पोचायला हवी तिथे पोचलेली नाही.

आणि इथून गुण कमी होत जातात.

नाणं घरातच हरवलं होतं. तशी माणसं प्रत्येक चर्चमध्ये आहेत: दर रविवारी मागच्या बाकावर बसतात, कम्युनियनच्या वेळी खांबाआड सरकतात, वर्षानुवर्षं. त्यांच्यासाठी दिवा लावून झाडू मारायचा तर उपवासकाळातली (ईस्टरआधीची) आणि आगमनकाळातली (नाताळआधीची) सामूहिक प्रायश्चित्तसेवा हा उत्तम झाडू आहे. शेजारच्या धर्मग्रामांतले पाच-सहा फादर एकाच संध्याकाळी बसतात, अनोळखी माणूस निवडता येतो, आणि आधी एकत्र वाचन-चिंतन झाल्याने तयारीही होते. पापमुक्ती मात्र प्रत्येकाला वेगवेगळी. २०१४ पासून उपवासकाळाच्या चौथ्या रविवारच्या आधीच्या शुक्रवार-शनिवारी ‘प्रभूसाठी २४ तास’ पाळले जातात, तेव्हाही कन्फेशनवरच भर असतो. कल्पना उत्कृष्ट, जाहिरात गरीब. बऱ्याच ठिकाणी ती आदल्या रविवारी मिस्साच्या शेवटी, लोक चपला शोधत असताना वाचली जाते.

मेंढरासाठी तर कोणी बाहेरच पडत नाही, असं म्हणणं थोडं अन्यायाचं होईल, पण थोडंच. कन्फेशनच्या वेळा चर्चच्या फलकावर असतात, म्हणजे ज्याला त्यांची गरज आहे त्याच्या नजरेला त्या पडत नाहीत. बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ३४व्या अध्यायात देव मेंढपाळांना झापतो ते नेमकं यासाठी, की भटकलेल्यांना तुम्ही शोधलं नाही. आणि ११व्या वचनात म्हणतो, मी स्वतःच शोधीन. मुंबईत माणसं हरवण्याचं कारण पुष्कळदा पापाइतकंच घरबदल हेही असतं. गिरगाव, दादर, वांद्र्याच्या गावठाणातली जुनी घरं पाडली गेली, कुटुंबं मीरा रोड, नालासोपारा, विरारला गेली. जुन्या यादीतून नाव निघालं, नव्या यादीत कधी चढलंच नाही. दोन्हीकडचे फादर समजतात की माणूस दुसऱ्याच्या कळपात आहे. सोसायट्यांमधले छोटे ख्रिस्ती समूह आणि घरभेटी ही यंत्रणा त्यासाठीच आहे, पण घरभेटही नोंद असलेल्याच दारावर होते. वेळा आणि फोन नंबर असलेलं एक कार्ड समूहप्रमुखाने इमारतीतल्या न येणाऱ्या घरी नेऊन दिलं तर खर्च काही रुपयांचा. शोधणाऱ्या भागाला आमच्याकडून पाचापैकी दोन.

मिस्सातल्या बायबल-वाचनाच्या वेळापत्रकाचाही यात थोडा हात आहे. उधळ्या पुत्राचा, म्हणजे त्या धाकट्या मुलाचा, दाखला उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी तीन वर्षांतून एकदा येतो, शेवटचा ३० मार्च २०२५ला आला, पुढचा २६ मार्च २०२८ला. मेंढरू आणि नाणं यांचा रविवार सप्टेंबरात असतो. २०२५ मध्ये तो १४ तारखेला पवित्र क्रुसाच्या सणाखाली गेला. म्हणजे रविवारपुरतं जाणाऱ्याने मेंढपाळाची ही गोष्ट चर्चमध्ये शेवटची ऐकली ती २०२२ला.

दाखल्यात घरीच राहिलेला आणि धाकट्याच्या स्वागतावर रुसलेला थोरला भाऊ आहे; तशा थोरल्या भावांबद्दलही बोललं पाहिजे. नेमाने येणारे. आत कोणी वीस मिनिटं घेतली की रांगेत घड्याळं पाहिली जातात, खोकलं जातं, दारावर टकटकही होते. दाखल्यात बाप त्या थोरल्यालाही समजवायला बाहेर येतो, हे बरेचदा विसरलं जातं. रांगेची खुर्ची दारापासून दहा फूट मागे ठेवली तर आवाजही ऐकू जात नाही आणि आतल्याला घाईही होत नाही. हे काम एका सेवकाचं आहे, फादरचंही नाही.

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी सेवा घरी येते, तीही विनामूल्य. ऑफिसात नाव, मजला, लिफ्ट चालू आहे का, आणि रुग्णाला कोणत्या वेळी शुद्ध नीट असते ते सांगा. फादर आले की टीव्ही बंद करा, खोलीतून सगळे बाहेर जा आणि दार लोटून घ्या. वन रूम किचन असेल तर पॅसेजमध्ये उभे राहा. बोलता येत नसेल तर मान हलवून किंवा हात दाबूनही कन्फेशन होतं. मुलगा-सून भाषांतराला थांबतो म्हणाले तर आधी रुग्णाला विचारा, ते त्याच्या मर्जीवर आहे. थांबलेल्यालाही गोपनीयता बंधनकारक असते. आणि डॉक्टरांनी आशा सोडल्यावर बोलावू असं म्हणत थांबू नका. शुद्ध असताना बोलावलं तर माणसाला बोलता येतं.