स्पेसर फुकट देतो म्हणाला, तिथेच गेम होता

कणकवली ते सावंतवाडी पट्ट्यात कोणी अलॉय रिम बघत फिरत असाल तर आधी हे वाचा. माझ्या स्विफ्टची 5.5 इंच रुंद रिम काढून 7 इंच रुंद टाकायची होती, दुकान हायवेलाच, नाव टाकत नाही. ऑफसेट किती म्हणून सरळ विचारलं तर म्हणे "तो डिझाइनचा नंबर असतो भाऊ, फिट आहे". डिझाइनचा कसला! रिमच्या मधल्या रेषेपासून हबला (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) टेकणारी बाजू किती एमएम लांब आहे तो आकडा, रिमवर ईटी म्हणून कोरलेला असतो. ऑफसेट तोच ठेवून दीड इंच जास्त रुंद रिम टाकली की आतली कड 19 एमएम आत येते, मग स्ट्रटला (सस्पेन्शनच्या दांड्याला) घासणारच, आणि घासलीच. तर हा लगेच म्हणतो 10 एमएमचे हब सेंट्रिक स्पेसर (चाक बाहेर सरकवायला हब नि रिमच्या मध्ये घालायची, हबवर बरोबर मधोमध बसणारी चकती) टाकून देतो, फुकट. म्हणजे पडून राहिलेला माल माझ्या गळ्यात, वर उपकार.

पुढे 80 च्या वर स्टेअरिंग थरथरायला लागलं. दरवेळी बॅलन्सिंग, दरवेळी पैसे, आणि वर "रस्तेच असले आहेत हो" (हायवेच्या नावावर काय वाट्टेल ते खपतं आपल्याकडे).

शेवटी कुडाळच्या ओळखीच्या मिस्त्रीकाकांनी चाक उतरवलं आणि ओरडलेच, "मेल्या, ह्यां कोणी बसवल्यान?" स्टड (ज्यावर चाकाचा नट चढतो तो बोल्ट) कंपनीचेच, लांब टाकलेच नव्हते. त्याचा आटा 1.25 एमएमचा, म्हणजे 10 एमएमच्या स्पेसरने नटाचे 8 आटे खाल्ले, नट नुसता टोकाला धरून. 12 एमएमच्या स्टडवर नट निदान 12 एमएम तरी चढायला हवा. स्पेसर कुठला हब सेंट्रिक, लांबट भोकांचा युनिव्हर्सल, कुठल्याही गाडीला लावा. अलॉयचं मधलं भोक 73.1 एमएम, स्विफ्टचा हब 54.1, आणि ही फट भरणारी मधली रिंग गायब, बिलात मात्र लावलेली. चाक सेंटरला बसणार कसं? त्यात खाऱ्या हवेने स्पेसर नि हबमध्ये पांढरी पूड धरलेली, हातोडीने ठोकून काढावा लागला.

परत गेलो तर "फिटिंगनंतर रिटर्न नाही". कंपनीच्या रिम एक्स्चेंजमध्ये घेतलेल्या, त्या विकल्या म्हणे. आता ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार टाकलीय. काकांनी जुना स्पेसर, बिल आणि नटाचे फोटो जपून ठेवायला सांगितलंय, तुमच्याकडे याच दुकानाचं असं काही असेल तर तुम्हीही ठेवा, आणि जुन्या रिम एक्स्चेंजला देऊ नका.