प्लॅनिंग पोकरचे पत्ते: आकड्यांपेक्षा माणसं कळतात म्हणून घ्या

प्लॅनिंग पोकर म्हणजे पुढचं काम किती मोठं आहे याचा अंदाज सॉफ्टवेअर टीमने आकड्यांच्या पत्त्यांनी लावायचा. मी सॉफ्टवेअर टेस्टर, त्यामुळे आधी दोष सांगते. पत्ते पातळ आहेत. मीटिंगच्या टेबलावर चहा सांडणारच, आणि एकदा भिजलेला पत्ता पुन्हा सरळ होत नाही. अर्ध्याचा (१/२) पत्ता लांबून बारासारखा दिसतो. शिवाय एका डब्यात चौघांपुरतेच पत्ते, म्हणजे आमच्यासारख्या टीमला दोन डबे आले.

तरीही घ्या. ही पद्धत जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये मांडली आणि माइक कोहन यांच्यामुळे ती सगळीकडे पोचली. कामाचा अंदाज पॉइंटांत, म्हणजे काम किती मोठं याच्या मापात, प्रत्येकाने पालथा ठेवायचा, मग सगळ्यांनी एकदम उघडायचा. याआधी आमचा लीड "दोन पॉइंटचं आहे ना रे?" म्हणायचा आणि सगळ्या माना हलायच्या. पहिला कानावर पडलेला आकडा पुढचे अंदाज आपल्याकडे ओढतो, हे त्वर्स्की आणि कानेमान या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच दाखवलंय. आमच्याकडे ते दर सोमवारी दिसायचं.

विम्याच्या फॉर्मात नॉमिनीची जन्मतारीख वाढवायची होती. लीडचा पत्ता २, माझा ८, सपोर्टमधून नुकतीच आलेल्या मुलीचा थेट २०. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्तवाल्याने आधी बोलायचं असतं. एरवी ती मीटिंगभर गप्प. म्हणाली, "सर, नॉमिनी अठराच्या आतला निघाला तर अपॉइंटी लागेल ना? आणि जुन्या पॉलिसींत ही तारीखच नाहीये." (अपॉइंटी म्हणजे अल्पवयीन नॉमिनीच्या वतीने पैसे घेणारी मोठी व्यक्ती.) लीड म्हणाला, "अगं, हे आधी का नाही बोललीस?" आधी तिला विचारलं कोणी होतं?

फुकटची अ‍ॅप्स आहेत, घरून काम करणाऱ्यांसाठी ती लागतातच. पण एखाद्याने १३ उचलला, लीडकडे पाहिलं, हळूच परत ठेवून ५ काढला, हे अ‍ॅपमध्ये दिसत नाही. मी हल्ली पत्त्यांपेक्षा हातांकडेच जास्त बघते.

एक धोका. मॅनेजरने एक्सेलमध्ये पॉइंटांचे तास केले की पुढच्या मीटिंगपासून सगळ्यांचे पत्ते ८ वर येऊन बसतात. तसं झालं तर डबा बंद करून आधी मॅनेजरशी बोला.

छपाईला दोन तारे, बाकी साडेचार. मॅनेजरसाठी वेगळा सेट घेऊ नका.