जनुक चालू झालंय का, हे एमआरआयवर बघायचंय: फेरिटिन की ओएटीपी1बी3?

रिपोर्टर जनुक, म्हणजे आपलं जनुक चालू झाल्याची खूण प्रतिमेत दाखवणारं सोबतचं जनुक, निवडताना गाडी बहुतेक वेळा या दोन नावांवरच अडते. फेरिटिन म्हणजे पेशीत लोह साठवणारं प्रथिन. त्याची भुरळ पडते, कारण बाहेरून काही टोचावं लागत नाही. त्याच्या जड साखळीचा सीडीएनए (प्रथिनाचा संकेत असलेला डीएनए) जेमतेम साडेपाचशे बेसचा, वाहक विषाणूत आरामात मावतो. ओएटीपी1बी3, म्हणजे गॅडोक्सेटेट हे गॅडोलिनियमचं एमआरआय औषध पेशीत ओढून घेणारं प्रथिन, त्याच्या जवळपास चौपट लांब, आणि दर वेळी गॅडोक्सेटेट द्यावं लागतं ते वेगळंच.

कागदावर फेरिटिन सरस वाटतं. पण त्याचा सिग्नल काळा, खरी डोकेदुखी तीच. टी2-स्टार प्रतिमेत (लोहासारख्या चुंबकीय गोष्टी काळ्या दाखवणाऱ्या एमआरआय प्रतिमेत) सुईच्या वाटेवर साकळलेलं रक्त काळं दिसतं, हवा काळी दिसते, मेलेल्या पेशींचं लोह गिळून बसलेले मॅक्रोफेजही (सफाई करणाऱ्या पेशीही) काळेच. प्राण्यात कशाला, 0.2 मिलीच्या नळीत पेशींच्या गोळ्यावर 1 टक्का अगारोज (गोठून जेल होणारा पदार्थ) ओतताना एक बुडबुडा अडकला तरी शेजारचा भागही वाया जातो. शिवाय माध्यमात लोह पुरवायला फेरिक अमोनियम सायट्रेट घातलं की जनुक न घातलेल्या पेशीही स्वतःचं फेरिटिन वाढवतात. त्यामुळे तुलनेच्या पेशींनाही तेवढंच लोह द्यायला हवं, आणि ते दिलं की फरक आक्रसतो. जनुकाच्या सुरुवातीचा आयआरई भाग (लोहाच्या पातळीला प्रतिसाद देणारा तुकडा) ठेवू नका, नाहीतर लोह कमी असताना भाषांतरच, म्हणजे प्रथिन बनणंच, दबतं.

दुसरा मुद्दा मशीनचा. फेरिटिनचा परिणाम चुंबकीय क्षेत्राबरोबर वाढतो, 7 टेस्लाच्या पुढे तो खुलतो. नागपुरात हाताशी येतं ते बहुधा दवाखान्याचं 1.5 किंवा 3 टेस्लाचं, तेही पेशंट संपल्यावर. ओएटीपी1बी3ने आत घेतलेल्या गॅडोक्सेटेटमुळे टी1 (एमआरआय सिग्नल पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) कमी होतो, पेशी उजळतात आणि 3 टेस्लावर ते स्वच्छ दिसतं. उजळ ठिपक्याला बुडबुडा समजण्याची वेळ सहसा येत नाही.

पेशींना 37 अंशांवर तासभर मिलिमोलर गॅडोक्सेटेटमध्ये ठेवा, मग थंड पीबीएसने (पेशींना चालणाऱ्या मिठाच्या द्रावणाने) तीनदा धुवा. धुण्यात कसूर झाली की बाहेर उरलेलं गॅडोलिनियमच मोजलं जातं. म्हणून जनुक नसलेल्या पेशींनाही हेच सगळं करून एक नळी लावा. मे महिन्यात नळ्या बर्फातूनच न्याव्या लागतात, पण स्कॅनपूर्वी त्या खोलीच्या तापमानाला येऊ द्या. टी1 तापमानाबरोबर बदलतो, आणि अर्धवट गार नळ्यांमधला फरक जनुकाचा वाटू लागतो.

ओएटीपी1बी3 सगळीकडे चालत नाही. यकृत, पित्ताशय आणि आतडं आपोआप उजळतात, त्यामुळे त्यांच्या आसपासचं काही बघायचं असेल तर अवघड. यकृताच्या कॅन्सरच्या पेशींत हे प्रथिन मुळातच असू शकतं, ते आधी तपासून घ्या. प्राण्यात लागणारा डोस माणसाच्या 0.025 मिलिमोल प्रति किलोपेक्षा बराच जास्त असतो, त्याचा खर्च आधीच धरा. आणि शाबूत मेंदूत गॅडोक्सेटेट पोचतच नाही; तिथलं काम असेल तर मीही फेरिटिनच घेईन. मांडीत किंवा कुशीत वाढवलेल्या गाठीसाठी मात्र ओएटीपी1बी3च.