स्ट्राइक मागे घेतो म्हणाला आणि ४५० डॉलर घेऊन गेला

लिहायची लाज वाटतेय, पण लिहिते. यूट्यूबवर खोटे कॉपीराइट स्ट्राइक (‘हा व्हिडिओ आमचा चोरलाय’ अशा तक्रारीवरून चॅनलला लागणारा ठपका) टाकून पैसे उकळणारे असतात हे मला माहीत होतं. माझ्या दोन विद्यार्थ्यांना मीच सावध केलं होतं. तरी माझे ४५० डॉलर गेले. आधी १५०, मग ३००.

मी पियानो शिकवते. चॅनलवर सहा वर्षांचे २१२ व्हिडिओ आहेत, सगळे माझ्या हातचे. स्ट्राइक आला तो जर्मन संगीतकार बाखच्या एका प्रेल्यूडवर, म्हणजे छोट्याशा रचनेवर. बाख १७५० साली वारला, त्याच्या रचनेवर आज कुणाचाच हक्क नाही, आणि वादन माझं.

आता ती गोष्ट, जी आठवली की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. तक्रारीत ‘चोरलेला भाग’ ०:०० ते ३:१२ असा दिला होता. त्यातली पहिली ४१ सेकंदं मी नुसती बोलतेय. खुर्ची करकरते, मी एकदा खोकते, पेडल कधी सोडायचं ते सांगते. म्हणजे माझा खोकलासुद्धा यांच्या मालकीचा! हे मी वाचलं होतं. वाचून वर ‘फॉर्म भरताना चुकले असतील’ अशी त्यांची बाजूही मीच घेतली. नाव म्युझिक कंपनीचं आणि मेल फुकटच्या खात्यावरून, हेही दिसत होतं.

पण तीन स्ट्राइक म्हणजे चॅनल बंद, आणि स्ट्राइक मागे घ्यायला पैसे मागणाऱ्या त्या तक्रारदाराने मेलमध्ये लिहिलं होतं, ‘अजून दोन तयार आहेत.’ रात्री दीड वाजता हे वाचून शांत राहणाऱ्यांना माझा नमस्कार. १५० डॉलर बिटकॉइनमध्ये पाठवले. स्ट्राइक खरंच उठला. नवव्या दिवशी दुसऱ्या व्हिडिओवर पडला, भाव ३००. तेही दिले. या वेळी स्ट्राइक जागचा हलला नाही. एकदा पैसे दिले की आपण त्यांचं बांधलेलं गिऱ्हाईक होतो. खरा हक्कदार असा बिटकॉइन मागत बसत नाही.

‘काउंटर नोटीस का नाही दिलीस?’ (म्हणजे ‘तक्रार चुकीची आहे’ असं लेखी उलट उत्तर) हे मला सगळ्यांनी ऐकवलंय. कारण तिच्यात खरं नाव-पत्ता द्यावा लागतो आणि तो थेट तक्रारदाराच्या हातात पडतो. ही भीती मनाची नव्हती. २०१९ मध्ये यूट्यूबने नेब्रास्कातल्या एका माणसावर दावा ठोकला तो अशाच खंडणीबद्दल. काउंटर नोटिशीतून मिळालेल्या पत्त्यावर खोटी खबर देऊन पोलीस पाठवल्याचाही त्याच्यावर संशय होता. २५,००० डॉलर आणि माफीनाम्यावर ते मिटलं.

माझ्यासाठी मात्र कोणी हललं नाही. यूट्यूबला चार मेल केले, चारही वेळा तेच उत्तर: ‘दोन पक्षांच्या वादात आम्ही पडत नाही.’ वाद कसला? चोर आणि घरमालक यांच्यात वाद असतो का? पोलिसांत गेले तर साहेब विचारतात, ‘पण व्हिडिओ तुमचाच कशावरून?’ पियानोसमोर बसलेली बाई मीच आहे हो! (मूळ फाइली तारखेसकट जपून ठेवा, तेवढ्यानेच त्यांचं तोंड बंद झालं.) मग म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत ना? कायदाही तसाच. अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यामध्ये तक्रारदार शपथेवर सांगतो ते एवढंच, की मालकाच्या वतीने बोलायचा त्याला अधिकार आहे. बाकी सगळं ‘प्रामाणिक समज’. व्हिडिओ आधी खाली, चौकशी मागाहून. शिवाय आवाज आपोआप जुळवून दावे लावणारी यंत्रं आहेतच: २०१८ मध्ये दहा तासांच्या नुसत्या खरखरीवर पाच दावे लागले होते.

काउंटर नोटीस वकिलामार्फत, त्यांच्या पत्त्यावरून देता येते, हे मला पैसे गेल्यावर कळलं. १२० डॉलर फी. समोरच्याने १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत कोर्टात गेल्याचं दाखवलं नाही तर व्हिडिओ परत येतो. तो कसला कोर्टात जातोय! मेल उडवू नका, धमकी आली की आधी स्क्रीनशॉट काढा. माझे पहिले दोन मी रागाने पुसून टाकले होते.

दुसरा व्हिडिओ बाराव्या दिवशी परत आला. प्रेल्यूडचा तर आधीच आला होता, पण गेल्या आठवड्यात त्यावर यंत्राचा दावा लागला: ०:४१ ते ३:१२, कुठल्याशा रेकॉर्डिंगशी जुळतंय म्हणे. निदान खोकला तेवढा माझ्याकडे ठेवलाय.