जुने रंधा-करवत मशीन घेताना झालेली फसवणूक

गेल्या दिवाळीनंतर मी ६२,००० रुपये मोजून लाकूडकामाचे एक जुने बहुउपयोगी मशीन विकत घेतले, आणि ते घरी आल्यानंतर अठराव्या दिवशी मला कळले की त्यावर काम करणे म्हणजे जीव धोक्यात घालणे आहे. पैसे गेले याचे वाईट वाटतेच. परंतु हा धोका विकणाऱ्याला पुरता ठाऊक होता आणि तरीही त्याने तो रंगाखाली झाकून माझ्या हाती दिला, ही गोष्ट मला आजही सहन होत नाही. घरच्या छोट्या शेडसाठी असे मशीन शोधणाऱ्या प्रत्येकाला उपयोग व्हावा म्हणून मी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

मी साताऱ्यात राहतो. माध्यमिक शाळेतून निवृत्त झाल्यावर परसात बारा बाय पंधरा फुटांची पत्र्याची शेड उभी केली आणि जुन्या घराचे निघालेले सागवान घेऊन पाट, देव्हारे, मुलांची अभ्यासाची मेजे असे काही ना काही करू लागलो. बरीच वर्षे हातरंध्यावर काम केले, पण पुढे उजवा कोपर साथ देईना. त्यामुळे बारा इंची रंधा, बाजूला गोल करवत आणि शाफ्टच्या टोकाला चक (ड्रिल पकडणारा जबडा) बसवून खाचा पाडण्याचे आडवे टेबल असे तिन्ही एकत्र असलेले बिडाचे मशीन घ्यावे असे ठरवले. बटाला, राजकोट येथे बनलेली अशी मशीने आपल्याकडच्या सुतारांच्या दुकानांतून वर्षानुवर्षे चालताना मी पाहिली आहेत आणि नीट राखलेले जुने मशीन नव्याइतकेच काम देते, हे आजही माझे मत आहे. मात्र अशा मशीनमध्ये तिन्ही कामे बहुधा एकाच शाफ्टवर चालतात, म्हणून तो शाफ्ट, त्याची बेअरिंगे आणि ती ज्यावर बसतात ते बीड यांत खोट असेल तर तिन्ही कामे एकदमच निकामी होतात. ही गोष्ट मला तेव्हा कोणी सांगितली नव्हती.

इंटरनेटवरच्या जाहिरातीत पुण्याजवळच्या एका औद्योगिक वस्तीतले हिरव्या रंगाचे मशीन दिसले. विकणाऱ्याने फोनवर सांगितले की ते त्याच्या सासऱ्यांच्या बंद पडलेल्या कारखान्यातले आहे आणि घरात उगाच जागा अडते म्हणून ते काढायचे आहे. मशीनला थ्री फेजची मोटर होती आणि माझ्याकडे सिंगल फेजचे कनेक्शन आहे, असे मी म्हणताच तो म्हणाला, “सर, काळजी करू नका, तीन एचपीची सिंगल फेज मोटर मी माझ्या खर्चाने बसवून देतो.” त्याच्या या औदार्याने मी भारावलो आणि त्याच संध्याकाळी ५,००० रुपये विसार म्हणून मोबाइलवरून पाठवले. मशीन डोळ्यांनी पाहण्याआधी पैसे पाठवले, ही माझी पहिली चूक. विसार दिल्यावर आपले मन नकळत विकणाऱ्याच्या बाजूला झुकते आणि दोष शोधणारी नजर बोथट होते.

मी दुपारी येतो म्हणालो होतो, पण दोनदा वेळ बदलून त्याने मला संध्याकाळी साडेसहाला बोलावले. भाड्याच्या शेडमध्ये एकच बल्ब होता. मशीन ताज्या रंगाने चकाकत होते. बेडच्या, म्हणजे ज्या सपाट पाटावरून लाकूड सरकवतात त्याच्या, खालच्या बाजूलाही रंग मारलेला होता, जिथे कारखान्यातला कोणीही माणूस सहसा रंग मारत नाही. मी सोबत चार फुटांची सागवानी पट्टी नेली होती. ती पुढे करताच तो म्हणाला, “पात्यांना आजच धार लावून आणली आहे, सर, कशाला वाया घालवता?” आणि त्याने पॅकिंगच्या पेटीची मऊ पाइनची फळी मशीनवरून सफाईने फिरवून दाखवली. तेवढ्यात त्याला दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फोन आला, निदान त्याने तसे सांगितले. चहा झाला. माझी पट्टी माझ्या हातातच राहिली, कारण समोरचा माणूस इतक्या अगत्याने बोलत असताना पुन्हा आग्रह धरणे मला संकोचाचे वाटले. उरलेले ५७,००० रुपये त्याने रोख मागितले, बिल दिले नाही आणि मीही ते मागितले नाही.

टेम्पोने मशीन साताऱ्यात आले, सहा माणसांनी ते उतरवले आणि दुसऱ्या दिवशी मी सागवान लावले. फळीवर हाताला जाणवतील अशा लाटा उमटल्या. पाती नीट बसली नसतील म्हणून मी ती दोनदा बसवून पाहिली, पण फरक पडला नाही. मोटर अर्ध्या तासात हात ठेववणार नाही इतकी तापत होती. पुढच्या आठवड्यात थरथर वाढू लागली आणि अठराव्या दिवशी पुलीच्या बाजूच्या बेअरिंगखाली हिरव्या रंगावर केसासारखी रेघ दिसली. मी मशीन तेव्हाच बंद केले आणि ओळखीच्या एका जुन्या फिटरला बोलावले.

त्यांनी आधी काहीही न उघडता छोट्या हातोडीने बिडावर ठिकठिकाणी हलकेच ठोकले. धड बिडाचा आवाज घंटेसारखा टणक येतो. बेअरिंगच्या पायाशी मात्र तो भद्द येत होता. रंग खरवडला तेव्हा खाली गाड्यांच्या पत्र्याला भरतात ती पुट्टी निघाली आणि पुट्टीखाली जवळजवळ तीन इंच लांबीची भेग. बिडाची भेग जाणकार माणूस तापवून पितळेने जोडू शकतो. इथे ती जोडण्याचा प्रयत्नच नव्हता, फक्त ती दिसू नये एवढीच सोय केली होती.

पाती काढल्यावर तर माझे हातपाय गार पडले. अशा पात्यांची रुंदी नवी असताना साधारण ३० मिलिमीटर असते. ही घासून घासून १८ मिलिमीटरवर आली होती, म्हणजे ब्लॉकच्या, पाती बसवलेल्या फिरत्या पोलादी दंडगोलाच्या, खाचेत ती पुरेशी धरलीच जात नव्हती. पाते आवळणाऱ्या पाच बोल्टांपैकी दोघांचे आटे गेले होते आणि त्यांच्या भोकांत पत्र्याची पट्टी घालून ते ठोकून बसवले होते. १०० मिलिमीटर व्यासाचा ब्लॉक मिनिटाला साडेचार हजार फेरे घेतो तेव्हा पात्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे ८५ किलोमीटर होतो. त्याच्या निम्म्या वेगानेही सुटलेले पोलादी पाते कोणाला लागले असते याचा विचार मी आजही टाळू शकत नाही, कारण माझी नऊ वर्षांची नात रोज शेडच्या दारात उभी राहून माझे काम पाहत असे.

लाटांचे कारण मोटरमध्ये सापडले. त्यावरच्या पट्टीवर ३ एचपी आणि मिनिटाला २८८० फेरे असे लिहिले होते, पण ती पट्टी दुसऱ्याच मोटरची होती आणि तिचे रिव्हेट नवे होते. रीवाइंडिंग करणाऱ्याने मोटर उघडून दाखवली तेव्हा ती चार पोलची, म्हणजे १४४० फेऱ्यांची निघाली आणि आत तांब्याऐवजी अॅल्युमिनियमची तार होती. पुल्या पूर्वीच्याच ठेवल्यामुळे ब्लॉक निम्म्या वेगाने फिरत होता. दोन पात्यांचा ब्लॉक पूर्ण वेगाने फिरताना, मिनिटाला सहा मीटर या गतीने फळी ढकलली, तर दर दोन तृतीयांश मिलिमीटरला एक काप बसतो. वेग निम्मा झाला की तेच अंतर दुप्पट होते आणि पृष्ठभाग लाटांचा दिसतो. पाइनच्या मऊ फळीवर, अंधुक उजेडात, हे दिसले नाही. मला जे औदार्य वाटले होते, ते त्याच्याकडे पडलेली मोटर खपवण्याचे निमित्त होते.

यातले जवळजवळ सगळे पाहणे शक्य होते. दिवसाउजेडी जाऊन, वीज बंद करून, पट्टा काढून ब्लॉक हाताने फिरवला असता आणि वर-खाली हलवून पाहिला असता तर बेअरिंगची ढिलाई कळली असती. एक पाते काढून मोजायला दहा मिनिटे लागतात आणि जो विकणारा ते काढू देत नाही त्याच्याकडून मशीन घेऊच नये. सरळ पोलादी पट्टी दोन्ही बेडवर आडवी ठेवून खालून उजेड दिसतो का ते पाहावे, गुण्या लावून गाईड (लाकूड टेकवायची उभी पट्टी) काटकोनात आहे का ते तपासावे आणि स्वतः नेलेले कठीण लाकूड स्वतःच्या हाताने निदान पंधरा मिनिटे चालवावे. नुकत्याच रंगवलेल्या जुन्या मशीनपेक्षा तेलकट, रंग उडालेले मशीन मला आता अधिक विश्वासाचे वाटते, कारण त्याच्या अंगावरचे सगळे दिसते.

तक्रारीचेही सांगतो. वकिलांनी मला १९३० च्या मालविक्री कायद्यातली अडचण समजावली : खरेदीदाराने माल तपासून घेतला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवे होते अशा दोषांबद्दल नंतर दाद मागणे कठीण जाते. पुट्टीखालची भेग आणि मोटरची खोटी पट्टी यांची गोष्ट वेगळी, कारण ते मुद्दाम लपवलेले होते. पुढे त्याच क्रमांकावरून आणखी चार मशीनच्या जाहिराती सापडल्या, म्हणजे सासऱ्यांचा कारखाना ही गोष्ट खोटी होती आणि हा माणूस भंगारातली मशीने रंगवून विकणारा व्यापारी होता. व्यापाऱ्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येते. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच, दोन वर्षांच्या आत, तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क पडत नाही. परंतु माझ्या हातात पुरावा होता तो ५,००० रुपयांच्या व्यवहाराचा आणि काही संदेशांचा. रोख दिलेल्या ५७,००० रुपयांचा कागद नव्हता, आणि ज्या शेडच्या पत्त्यावर नोटीस पाठवली ती शेड त्याने महिन्यापूर्वीच सोडली होती. मी त्याचे ओळखपत्र पाहिले नव्हते, शेडच्या मालकाचे नावही विचारले नव्हते. पोलिसांकडे अर्ज दिला आहे.

दोन महिन्यांपूर्वी शेजारच्या गावातले एक गृहस्थ आले आणि मशीन आहे तसे ३५,००० रुपयांना मागू लागले. भेग त्यांना दाखवली तरी ते म्हणाले, “ती आमची आम्ही बघून घेऊ, गुरुजी, रंग मारला की झाले.” मी नाही म्हणालो. फिटरना पुन्हा बोलावून ब्लॉक मधोमध कापून घेतला, भेगेवरचा पाया घणाने फोडून घेतला आणि मगच ते सगळे बीड भंगारवाल्याला वजनावर दिले.