यात्रेच्या खरेदीत ६७,०९८ रुपये गेले. तुमचे जाऊ देऊ नका

लिहावं की नको यात आठ दिवस गेले. लाज वाटत होती, अजून वाटते. पण काल ऑफिसातल्या एका मुलीने मनालीला जायचंय म्हणून मोबाईलवर बॅगांची जाहिरात दाखवली. तोच फोटो, तेच तीन निळे ट्रॉली, पेजचं नाव तेवढं वेगळं. माझ्या पोटात गोळाच आला.

आमचं केदारनाथचं ठरलं होतं. सासरे ७१ वर्षांचे, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. गुडघे चालतायत तोवर एकदा जाऊन येऊ, असं ते दहा वर्षं म्हणत होते. कर्नाटक एक्स्प्रेसची चौघांची तिकिटं झाली, यात्रेची नोंदणी झाली, राहिली ती खरेदी. आता एप्रिलमध्ये सोलापुरात पारा बेचाळीसच्या पुढे असताना थर्मल कुठे मिळणार? नवी पेठेत दोन दुकानांत विचारलं, दोघेही म्हणाले, दिवाळीनंतर या. केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, मे महिन्यातही रात्री हाडं गोठतात. आप्पांच्या छातीची मला काळजी होती. म्हणून मोबाईलवर शोधलं. यात माझं काय चुकलं?

'यात्रा कॉम्बो' अशी जाहिरात होती. तीन ट्रॉली बॅगा, चार थर्मल, चार रेनकोट, सगळं मिळून ४,७९९. आधी पैसे भरले तर दहा टक्के कमी, म्हणजे ४,३१९. घरी आल्यावर पैसे द्यायची सोय 'तुमच्या पिनकोडला उपलब्ध नाही'. जुळे सोलापुरात रोज शंभर पार्सलं येतात ओ, आमचाच पिनकोड कसा नाही? हे मला त्या रात्री सुचलं नाही. खाली पत्ता नव्हता, जीएसटी नंबर नव्हता, फक्त व्हॉट्सअॅपचं चिन्ह. दिवसभर पुरवठादारांची बिलं तपासते मी, जीएसटी नंबर नसलेलं बिल मी परत पाठवते. आणि स्वतःचे पैसे भरताना पाहिलं नाही.

अकराव्या दिवशी पार्सल आलं. बॅगा नव्हत्याच. लहान मुलाचा एक रेनकोट आणि दोन टॉवेल. मी अठरा वर्षं टॉवेलच्या कारखान्यात काढलीत, टॉवेल हातात घेतला की वजन कळतं मला. विरळ वीण, काठाची शिलाई निसटलेली, एका कोपऱ्यात तेलाचा डाग. आमच्याकडे असला माल बाजूला काढून किलोवर विकतात. एवढे पैसे घेऊन सोलापूरच्या माणसाला असले टॉवेल पाठवले, याचा राग माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

इथपर्यंत ४,३१९ गेले होते. इथे थांबले असते तर हे लिहायची वेळ आली नसती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधला. पहिलाच जो आला तो लावला. दहा आकडी मोबाईल नंबर! पण तेव्हा डोक्यात एकच होतं, निघायला पंधरा दिवस राहिलेत आणि घरात एक थर्मल नाही. माणूस हिंदीत फार अदबीने बोलला. मॅडम, गोडाऊनची चूक आहे, पैसे आत्ताच परत करतो. यूपीआय उघडायला लावलं, एक आयडी दिला आणि म्हणाला, रकमेच्या जागी रिफंड कोड टाका, ३८४६०.

तो क्षण मी रोज रात्री पुन्हा बघते. कोड टाकला आणि खाली नाव आलं. कंपनीचं नव्हे, एका माणसाचं नाव आणि आडनाव. मी ते वाचलं. घाईत नजरेतून सुटलं असं नाही, नीट वाचलं, आणि त्याला विचारलंसुद्धा, हे कुणाचं नाव आहे? तो म्हणाला, आमच्या अकाउंट विभागाच्या साहेबांचं. आमच्याकडे एखाद्या पार्टीचे पैसे मालकाच्या पर्सनल खात्यात मागितले तर मी चार फोन करून खात्री करते. त्या दिवशी 'हां, ठीक है' म्हणाले आणि पिन टाकला. पिन टाकायच्या पानावरसुद्धा पैसे पाठवताय असंच लिहिलेलं असतं. बोट तिथेच थांबायला हवं होतं.

३८,४६० गेले. मी ओरडलेच. तो शांतपणे म्हणाला, सिस्टिमने चुकून कापले, घाबरू नका, दुसरा कोड टाका म्हणजे दोन्ही एकदम परत येतील. २४,३१९. शेवटचे आकडे माझ्या ४,३१९ सारखे, म्हणून ते खरं वाटलं. तेही गेले. एकूण ६७,०९८. यात आप्पांच्या पेन्शनमधले २०,००० होते, हॉटेलसाठी ठेवलेले.

शिकलेली बाई असून फसली, असं कुणी म्हणायच्या आधी सांगते. समोरचा माणूस दिवसभर हेच काम करतो. आपण एकदाच करतो, तेही घाईत, डबा समोर उघडा ठेवून. पैसे यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, हे मला माहीत होतं. माहीत असलेलं त्या वेळी आठवत नाही, म्हणून फोन आधी कापा आणि मग विचार करा.

१९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला मी पंधरा मिनिटांत फोन केला. तक्रार घेतली, नंबर मिळाला, आणि समोरच्या खात्यात उरलेले ९,२०० अडकवले गेले. एवढीच एक गोष्ट नीट झाली. उशीर केला असता तर तेही गेले असते, म्हणून पहिला फोन नवऱ्याला किंवा भावाला नाही, १९३० ला. आणि लाजेपोटी रात्र जाऊ देऊ नका.

पुढचं सगळं संतापाचं. बँकेत गेले तर काउंटरवरचे साहेब मान वर न करता म्हणाले, पिन तुम्हीच टाकला ना? मग आम्ही काय करणार? दहा माणसांसमोर. लेखी तक्रारीची पोच मागितली तर म्हणाले, पोच कशाला, आम्ही पळून चाललोय का? दीड तास उभी राहिले तेव्हा शिक्का मिळाला. पोच सोडू नका. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने खात्यातून अनधिकृत व्यवहार झाला तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं, असा नियम रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला काढला होता. कळवल्याची वेळ कागदावर हवी.

पोलीस ठाण्यात त्याहून वाईट. राहता कुठे? जुळे सोलापूर. फोन कुठे लावला? एमआयडीसीत, कारखान्यात. मग ते आमच्या हद्दीत नाही. तिथे गेले तर, तुम्ही राहता तिकडे द्या. तिसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला, चौथ्या दिवशी सर्व्हर बंद. चार दिवस अर्धी रजा टाकून रिक्षाने फिरले. एक हवालदार म्हणाले, मॅडम, लोकांचे वीस-वीस लाख जातात, तुमचे थोडक्यात निभावलं. थोडक्यात? आप्पांना बारा महिने लागले असते तेवढे साठवायला! शेवटी पुतण्याने सांगितलं, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. ते कलम मी अर्जाच्या पहिल्या ओळीत लिहिलं, तेव्हा अर्ज आत गेला. अडकलेले ९,२०० सोडवायला आता कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. चोराला माझे पैसे घ्यायला चार मिनिटं लागली.

यात्रेला मात्र आम्ही जातोय. खरेदी कशी झाली ते सांगते, कारण हेच आधी करायला हवं होतं. माळ्यावरच्या दोन जुन्या बॅगा काढल्या, चेन दुरुस्तीवाल्याने १४० रुपयांत दोन्ही नीट करून दिल्या. नवी पेठेतल्याच तिसऱ्या दुकानदाराने हिवाळ्यातला उरलेला माल वरून काढून दिला, चार थर्मल १,९२० ला, हात लावून, अंगाला लावून बघून घेतले. केदारनाथच्या वाटेवरच्या सोनप्रयाग आणि गौरीकुंडला पातळ रेनकोट आणि काठ्या मिळतात, ते इथून न्यायची गरजच नव्हती. गौरीकुंडपासून सोळा किलोमीटरच्या वर चढण आहे, म्हणून बूट आधी घेऊन आप्पांना रोज संध्याकाळी चालायला लावलंय. कुठेही जायचं असो, पैसे काढायच्या आधी माळा उघडून बघा, मग वहीत यादी करा. आणि थंडीची खरेदी थंडीतच करून ठेवा. निघायला पंधरा दिवस उरले की माणूस काहीही खरं मानतो.

कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधून झाली. ते दोन टॉवेल पोलिसांनी पुरावा म्हणून घेतले नाहीत, घरीच ठेवा म्हणाले. पार्सलच्या पिशवीत, चिठ्ठीसकट, तसेच कपाटात ठेवलेत. गाडी मंगळवारची आहे आणि सोमवारी अकराला मला पुन्हा जबाबाला बोलावलंय.