सरकारने कर्ज काढत राहावे का? केंद्र, राज्य आणि मुंबई महापालिका यांची तुलना

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत लिफ्ट बदलण्याचा प्रश्न सर्वसाधारण सभेपुढे आला, तेव्हा तीन पर्याय मांडले गेले. सिंकिंग फंडातील, म्हणजे मोठ्या कामांसाठी साठवलेल्या निधीतील ठेवी मोडाव्यात, प्रत्येक सदनिकेकडून एकरकमी वर्गणी घ्यावी, किंवा बँकेचे पाच वर्षांचे कर्ज काढून त्याचा हप्ता मेंटेनन्समध्ये मिळवावा. चर्चा तापली तशी एक सभासद म्हणाले, की सरकार वर्षानुवर्षे कर्जावरच चालते आणि त्याचे काही बिघडत नाही, मग आपण कशाला घाबरायचे? त्यावर दुसऱ्यांनी लगेच उत्तर दिले, की म्हणूनच एक दिवस देश बुडणार आहे. मी एका नागरी सहकारी बँकेच्या गुंतवणूक विभागात बरीच वर्षे काम केले असल्यामुळे सरकारी कर्ज हा माझ्या रोजच्या कामाचाच भाग होता, आणि या दोन्ही विधानांत अर्धेच सत्य आहे हे मला त्या सभेत नीट सांगता आले नाही. जाहीरनाम्यांतील आश्वासने वाचून मत ठरवणाऱ्या वाचकासाठी ते इथे सविस्तर मांडत आहे.

पहिली गोष्ट अशी, की ‘सरकार’ हा एकच कर्जदार नाही. फोर्टमधल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत ज्याच्या कर्जाचा लिलाव होतो ते केंद्र सरकार, मंत्रालयात बसणारे राज्य सरकार आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरची महापालिका हे तिघेही मुंबईकराच्या नावाने खर्च करतात; पण तिघांची कर्ज पेलण्याची ताकद मुळातच वेगवेगळी आहे.

केंद्रापासून सुरुवात करू. केंद्र कर्ज घेताना जे रोखे विकते, त्यांचा लिलाव सहसा शुक्रवारी सकाळी होतो. प्रत्येक रोखा त्याच्या व्याजदरावरून आणि परतफेडीच्या वर्षावरून ओळखला जातो, ‘7.10 टक्के 2034’ या रोख्याला आमच्या टेबलावर नुसते ‘सात-दहा चौतीस’ म्हणत. शंभर रुपयांच्या दर्शनी किमतीला कोण किती रुपये किती पैसे देतो यावर बोली लागते, दुपारपर्यंत कट-ऑफ, म्हणजे कोणत्या किमतीपर्यंतच्या बोली स्वीकारल्या ते, कळतो आणि पुढच्या कामाच्या दिवशी रोखे खात्यात जमा होतात. एखाद्या जुन्या रोख्याची मुदत संपली की मुद्दल बँकेत जमा व्हायचे, आणि बहुतेक वेळा त्याच आठवड्यात ते पैसे नव्या रोख्यात जायचे. सरकारी कर्ज असेच फिरत राहते. प्रत्येक रोखा वेळेवर फेडला जातो, पण एकूण कर्ज फेडून संपत नाही. केंद्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात रोख्यांतून 14.82 लाख कोटी रुपये उभारायचे ठरले होते, पण जुनी परतफेड वजा जाता निव्वळ उभारणी 11.54 लाख कोटींचीच होती. मधले सुमारे सव्वातीन लाख कोटी म्हणजे जुन्याच्या जागी नवे कर्ज.

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हा सल्ला घरासाठी योग्यच आहे, कारण माणसाची कमाई एका वयात थांबते आणि कर्ज त्याआधी फिटले पाहिजे. देश निवृत्त होत नाही आणि त्याचे अंथरूण वर्षागणिक वाढत असते, म्हणून देशाचे कर्ज रुपयांत न मोजता उत्पन्नाच्या तुलनेत मोजावे लागते. देशाचे सकल उत्पन्न 100 आणि केंद्राचे कर्ज 57 आहे असे समजा. महागाई धरून उत्पन्न 10 टक्क्यांनी वाढून 110 झाले आणि त्या वर्षी सरकारने त्याच्या 4.4 टक्के तूट ठेवली, तर कर्ज 61.84 होते, म्हणजे रक्कम वाढूनही उत्पन्नाशी असलेले प्रमाण 56.2 टक्क्यांवर उतरते. हे आकडे 2025-26 च्या प्रत्यक्ष अंदाजाच्या अगदी जवळचे आहेत. आता तूट तीच ठेवून वाढ फक्त 5 टक्के झाली असे धरा. तेच प्रमाण 58.7 टक्क्यांवर जाते. तूट एका पैशानेही न वाढवता कर्ज जड होते, ते असे. अर्थशास्त्रज्ञ एव्हसी डोमार यांनी 1944 मध्येच दाखवून दिले होते, की कर्जाचा भार अखेर राष्ट्रीय उत्पन्न किती वेगाने वाढते यावर ठरतो, आणि वाढीचा दर व्याजाच्या दरापेक्षा जास्त राहिला तर कर्ज काढत राहणे शक्य असते.

त्यामुळे ‘देश बुडणार’ हे म्हणणे मला पटत नाही. केंद्राचे बहुतेक सारे कर्ज रुपयातले आहे आणि ते मुख्यतः देशातल्याच बँका, विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह निधी यांच्याकडे आहे. बँकांना तर ठेवींचा ठरावीक हिस्सा अशा रोख्यांत ठेवण्याचे कायद्याचे बंधन आहे. हे वैधानिक रोखता प्रमाण 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला 38.5 टक्के होते, आज ते 18 टक्के आहे. जपानचे सरकारी कर्ज त्याच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक असूनही तो देश कोसळला नाही, कारण कर्ज येनमध्ये आहे आणि बहुतांश घरच्याच लोकांकडे आहे. ग्रीसला मात्र युरो छापण्याचा अधिकार नव्हता, आणि 2012 मध्ये त्याच्या खासगी धनकोंना रोख्यांच्या निम्म्याहून अधिक दर्शनी किमतीवर पाणी सोडावे लागले. आपण स्वतः 1991 मध्ये अडचणीत आलो तेही रुपयाच्या कर्जामुळे नव्हे, तर परकीय चलन संपत आल्यामुळे. त्या जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचे सुमारे 47 टन सोने मुंबईहून विमानाने परदेशी तारण म्हणून गेले.

पण ‘काही बिघडत नाही’ हेही खरे नाही, आणि वाचकाने थांबून पाहावे असा आकडा इथे आहे. 2025-26 च्या अंदाजात केंद्राची निव्वळ महसुली जमा 34.20 लाख कोटी आणि व्याजखर्च 12.76 लाख कोटी होता. म्हणजे जमा झालेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले सदतीस रुपये आधीच बोलले गेलेले असतात. रेल्वे, शाळा, संरक्षण, निवृत्तिवेतन यांचा विचार त्यानंतर सुरू होतो. सरकार दिवाळखोर होण्याच्या कितीतरी आधी त्याचे हात असे बांधले जातात. आणि नोटा छापून हे टाळता येईल का, तर तो प्रयोग आपण दीर्घकाळ केला आहे. केंद्राच्या खात्यात पैसे कमी पडले की रिझर्व्ह बँक तदर्थ कोषागार बिलांवर (केंद्राने तिच्या नावे काढलेल्या अल्पमुदतीच्या कर्जपत्रांवर) आपोआप पैसे देत असे. ही पद्धत 1997 मध्ये बंद झाली, कारण अशा पैशाची किंमत महागाईच्या रूपाने पगारदार आणि पेन्शनर माणूस मोजतो, आणि त्यासाठी त्याचे मत कोणी विचारलेले नसते.

राज्याची गोष्ट वेगळी आहे, कारण राज्याला नोटा छापता येत नाहीत. केंद्राकडून घेतलेले कर्ज शिल्लक असलेल्या राज्याला नवे कर्ज काढण्यासाठी संविधानाच्या कलम 293 नुसार केंद्राची संमती लागते. महाराष्ट्राचे कर्ज 2025-26 अखेर 9.32 लाख कोटींवर जाईल असा अंदाज होता. आकडा मोठा वाटतो, परंतु राज्याच्या सकल उत्पन्नाच्या तुलनेत तो 20 टक्क्यांच्या आत आहे आणि राज्याच्या कर्जासाठी ठरलेली 25 टक्क्यांची मर्यादा अजून दूर आहे. अनेक राज्यांच्या तुलनेत ही स्थिती चांगलीच म्हणावी लागेल. मला काळजी वाटते ती कर्जाच्या आकाराची नव्हे, त्याच्या वापराची. त्या वर्षीच्या अंदाजात राज्याची एकूण राजकोषीय तूट, म्हणजे कर्जाने भागवायची रक्कम, 1,36,235 कोटी आणि त्यातली महसुली तूट, म्हणजे चालू खर्चाला कमी पडणारी रक्कम, 45,891 कोटी होती; म्हणजे उसन्या घेतलेल्या रकमेचा एक तृतीयांश भाग चालू खर्चात जाणार होता. केंद्राच्या त्याच वर्षीच्या आकड्यांतही (15.69 लाख कोटींपैकी 5.24 लाख कोटी) हे प्रमाण तितकेच आहे. फरक इतकाच, की केंद्राच्या महसुली खर्चातून राज्यांना मालमत्ता उभारण्यासाठी बरेच अनुदान जाते.

जुलै 2024 पासून सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेसाठी 2025-26 मध्ये 36,000 कोटींची तरतूद होती. दरमहा 1,500 रुपये हातात पडल्याने घरात बाईच्या शब्दाला जे वजन येते, ते मी आमच्याच इमारतीत धुण्याभांड्याला येणाऱ्या ताईंच्या बाबतीत पाहिले आहे, आणि ती मदत फुकट गेली असे मी कधीच म्हणणार नाही. पण हा खर्च दरवर्षी पुन्हा नव्याने करावा लागतो. पूल एकदा बांधला की पन्नास वर्षे वापरता येतो. मासिक मदत पुढच्या महिन्यात पुन्हा द्यावी लागते, आणि मागच्या महिन्याच्या मदतीसाठी काढलेल्या कर्जावरचे व्याज मात्र सुरूच राहते. म्हणून अशी योजना चालवायची असेल तर तिच्यासाठी कर वाढवण्याचे किंवा दुसरा खर्च कमी करण्याचे धैर्य दाखवावे. नाहीतर ते ऋण काढून सण साजरा करण्यासारखे होते. आमच्या सोसायटीने शेवटी हीच रेषा आखली: लिफ्ट कर्जातून, आणि वॉचमनच्या पगारातील वाढ मेंटेनन्स वाढवून.

राज्याच्या बाबतीत आणखी एक आकडा तपासावा, तो म्हणजे महामंडळांच्या कर्जाला राज्याने दिलेल्या हमीचा. असे कर्ज अर्थसंकल्पात दिसत नाही, पण महामंडळाला फेडता आले नाही तर ते राज्याच्याच गळ्यात पडते. राज्याच्या तिजोरीतून ज्याची परतफेड होते असे महामंडळांचे कर्ज केंद्र सरकार 2022 पासून राज्याच्या कर्जमर्यादेत धरू लागले, हे योग्यच झाले.

मुंबई महापालिकेची परिस्थिती या दोघांच्या उलट आहे. तिने कर्ज जवळजवळ टाळले आणि ठेवी साठवल्या. एकेकाळी या मुदत ठेवी 90 हजार कोटींच्या पुढे होत्या. मात्र त्यांतला काही हिस्सा कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीचा आणि कंत्राटदारांच्या अनामत रकमांचा असल्यामुळे सगळा पैसा खर्चायला मोकळा नाही. मरीन ड्राइव्ह ते वरळी हा सागरी किनारा मार्ग महापालिकेने स्वतःच्या पैशाने बांधला. कुलाबा ते सीप्झ ही 33.5 किलोमीटरची मेट्रो 3 मात्र मोठ्या प्रमाणात जपानच्या जायका संस्थेच्या येनमधील कर्जावर उभी राहिली. एकाच शहरात, जवळपास एकाच काळात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी दिसत असल्यामुळे तुलना सोपी होते.

मेट्रोच्या कर्जावरचे व्याज अगदी कमी आणि मुदत मोठी. पण तिकीट रुपयात विकले जाते आणि हप्ता येनमध्ये जातो, त्यामुळे विनिमय दराचा धोका कोणाला तरी उचलावाच लागतो. शिवाय कर्ज स्वस्त असले म्हणून काम स्वस्त होत नाही: या मार्गिकेचा खर्च 23,136 कोटींवरून 37,276 कोटींवर गेला. सागरी मार्गावर व्याजाचा बोजा नाही आणि टोलही नाही, परंतु त्याची सगळी किंमत आजवर कर भरलेल्या मुंबईकरांनी दिली आणि पुढची तीस-चाळीस वर्षे त्यावरून गाडी नेणाऱ्यांवर तिचा काहीच भार पडणार नाही. ठेवीवर मिळणारे व्याज कर्जाच्या व्याजापेक्षा थोडे कमीच असते, म्हणून आधी ठेव वापरावी, हा हिशेब कागदावर बरोबर आहे. पण ठेव हाताशी असणे ही संकटकाळातली सोय आहे आणि दोन दरांतला तो फरक म्हणजे त्या सोयीची किंमत, असे मी मानतो.

कर्जातून बांधकाम झाले म्हणजे ते आपोआप सार्थ ठरते असेही नाही. 1920 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने (बीडीडी) कर्जाच्या पैशातून दोन मोठी कामे हाती घेतली. बॅकबे इथे समुद्रात भर घालून जमीन तयार करण्याचा खर्च अंदाजापलीकडे गेला, काम अर्धवट राहिले आणि 1926 मध्ये चौकशी समिती नेमावी लागली. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळींनी मात्र गिरणी कामगारांच्या कित्येक पिढ्यांना आसरा दिला. काम निवडताना आणि त्याचा अंदाज बांधताना जी कसोटी लावली जाते, ती व्याजदराइतकीच महत्त्वाची ठरते.

तेव्हा तिघांना एकच उत्तर लागू करता येणार नाही. केंद्र रुपयात कर्ज काढत राहू शकते, मात्र व्याजाचा शंभरातला वाटा सदतीसवरून खाली येतो आहे की वर जातो आहे हे दरवर्षी पाहावे. राज्याने कर्ज काढावे, पण महसुली तूट शून्याकडे नेण्याचा कालावधी जाहीर करून. महापालिकेबाबत माझे मत अनेकांना रुचणार नाही: तिने आतापर्यंत कर्ज फारच कमी काढले आहे. 2017 मध्ये जकात गेली, तिच्या जागी राज्याकडून भरपाई येऊ लागली. 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. आणि त्याच काळात कामांची देणी मात्र ठेवींपेक्षा कितीतरी वाढली. पुणे महापालिकेने 2017 मध्ये पाणीपुरवठ्यासाठी 7.59 टक्के दराने 200 कोटींचे रोखे काढून वाट दाखवलेली आहे. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप इथली सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आजच्या शाळकरी मुलांच्या म्हातारपणापर्यंत समुद्र स्वच्छ ठेवणार असतील, तर त्यांच्यासाठी रुपयातले दीर्घ मुदतीचे रोखे काढावेत, परतफेडीसाठी मालमत्ता कराचा ठरावीक हिस्सा वेगळ्या खात्यात बांधून ठेवावा, आणि ते रोखे फिटेपर्यंत करात नवी सूट देऊ नये.